पुरुषांचे लैंगिक आरोग्य आणि आतड्यातील जिवाणू : आहारात बदल कसा करावा

लैंगिक तक्रार घेऊन डॉक्टरकडे जायला पुरुष फार उशीर लावतात. तोवर जे उपाय करून पाहिले जातात त्यांत गोळ्या, चूर्णे आणि जाहिरातीतल्या कॅप्सूलच अधिक असतात; आपण रोज काय खातो याचा विचार त्यांत क्वचितच असतो. ही तक्रार दुर्मीळ मुळीच नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४० ते ७० वर्षे वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्के पुरुषांना ताठरतेची कमी-अधिक अडचण असल्याचे आढळले होते. म्हणून संकोच बाजूला ठेवून, आहारातून काय साधता येते आणि कशाची अपेक्षा धरू नये, हे नीट समजून घ्यावे.

सुरुवात तपासणीपासून करावी

आहार बदलण्याआधी आपली स्थिती काय आहे हे पाहावे, कारण ताठरता हा मुळात रक्तप्रवाहाचा प्रश्न आहे. लिंगाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर असतो, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा ३ ते ४ मिलिमीटर. धमन्यांच्या आतल्या अस्तराची हानी सर्वत्र सारख्याच वेगाने होत असली, तरी तिचा परिणाम अरुंद धमनीत आधी जाणवतो. त्यामुळे ताठरता कमी होणे ही हृदयविकाराची काही वर्षे आधी मिळालेली सूचना असू शकते, आणि ती गोळीने झाकून टाकणे धोक्याचे आहे.

रक्तदाब, उपाशीपोटी रक्तशर्करा, तीन महिन्यांची सरासरी शर्करा, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर यांची नोंद करून घ्यावी. टेस्टोस्टेरॉनची तपासणी डॉक्टरांनी सांगितली, तर ती सकाळीच आणि वेगवेगळ्या दोन दिवशी करावी, कारण हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते आणि एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नसते. चालू औषधांची यादीही सोबत न्यावी. नैराश्यावरील आणि रक्तदाबावरील काही औषधांनी लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो; मात्र ती स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

जिवाणूंचा संबंध कोठे येतो

ताठरतेच्या वेळी मज्जातंतू आणि धमन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्यामुळे स्नायू सैलावतात आणि रक्त आत भरते. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना असा संदेश देते, या शोधाला १९९८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर हे रसायन स्वतः तयार करते, पण त्याचा दुसरा मार्ग पालेभाज्या आणि बीट यांतून जातो, आणि तो पाहण्यासारखा आहे. पालकाच्या घासातले नायट्रेट पोटातून रक्तात जाते, रक्तातून लाळग्रंथी ते ओढून घेतात आणि ते लाळेवाटे पुन्हा तोंडात येते. तेथे जिभेच्या मागच्या भागावरील खाचांमध्ये राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. ही लाळ गिळली की पुढे शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होते. मानवी पेशींना नायट्रेटचे हे रूपांतर जवळजवळ करताच येत नाही. ते काम जिवाणूच करतात. म्हणून जंतुनाशक माउथवॉश रोज सवयीने वापरल्यास हा मार्ग मंदावतो. दंतवैद्याने ठरावीक मुदतीसाठी तो दिला असेल तर अवश्य वापरावा, एरवी दात आणि जीभ स्वच्छ ठेवणे पुरेसे आहे. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लालसर होते, त्याने घाबरू नये. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी मात्र पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्व औषधाच्या परिणामात अडथळा आणते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही डॉक्टरांना आधी विचारावे.

मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे काम वेगळे आहे. आपल्याला न पचणारे तंतू आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशी प्रामुख्याने ब्युटिरेटवर जगतात. तंतुमय अन्न कमी पडले की हे अस्तर दुबळे होते, आणि काही जिवाणूंच्या आवरणातील विषारी अंश रक्तात झिरपून मंद पण सततची दाहस्थिती निर्माण होऊ शकते. असा दाह धमन्यांच्या अस्तराला मारक ठरतो, आणि वृषणातील टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींनाही तो मानवत नाही. स्थूलतेत आणि मधुमेहात ही दाहस्थिती ठळकपणे आढळते.

येथे पुराव्याचे वजन नीट तोलले पाहिजे. उंदरांवरील प्रयोग लक्षवेधी आहेत. २०१३ सालच्या एका प्रयोगात नर उंदरांचे आतड्यातील जिवाणू मादी उंदरांना दिल्यावर माद्यांचे टेस्टोस्टेरॉन वाढले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अतिस्निग्ध आहारावर वाढवलेल्या उंदरांचे जिवाणू साधा आहार घेणाऱ्या उंदरांमध्ये सोडल्यावर त्यांच्या शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटली. मात्र उंदरात दिसले ते पुरुषात तसेच घडेल असे गृहीत धरता येत नाही, आणि माणसांमधील जिवाणूंविषयीचे बहुतेक अभ्यास केवळ परस्परसंबंध दाखवतात. आहाराचा पुरावा त्याहून भक्कम आहे. इटलीत ११० स्थूल आणि ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आहार आणि व्यायामाचे सविस्तर मार्गदर्शन मिळालेल्या गटातील सुमारे एकतृतीयांश पुरुषांची क्षमता दोन वर्षांत पूर्ववत झाली. केवळ सर्वसाधारण माहिती मिळालेल्या गटात असे पुरुष मोजकेच होते. म्हणून माझे मत असे, की जिवाणूंना आहाराच्या परिणामामागचे एक संभाव्य कारण मानावे, आणि प्रत्यक्ष मेहनत ताटातील अन्नावरच करावी.

तंतुमय अन्न कसे वाढवावे

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या व फळे घेण्यास सांगते. शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरीत साधारण ८ ग्रॅम तंतू असतात, सालीसह खाल्लेल्या मध्यम सफरचंदात ४ च्या आसपास. म्हणजे हे ध्येय अवघड नाही. पण घाई केली की पोट फुगते, दोन दिवसांत माणूस कंटाळतो आणि सगळेच सोडून देतो. म्हणून पहिल्या आठवड्यात एकच बदल करावा : रोजच्या जेवणात शिजवलेल्या कडधान्याचे दोन-तीन मोठे चमचे वाढवावेत. कडधान्ये रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून देऊन, ताज्या पाण्यात अगदी मऊ शिजवावीत. गॅस करणाऱ्या शर्करांचा बराचसा भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो. पोटाला ते सोसवले की पुढच्या आठवड्यात पांढऱ्या पिठाऐवजी अख्खे धान्य घ्यावे, त्यानंतर जेवणात एक भाजी वाढवावी. तंतू वाढवताना पाणीही पुरेसे प्यावे, अन्यथा बद्धकोष्ठता होते. ज्यांना आतड्याचा दाहक विकार आहे किंवा ज्यांचे पोट कायम बिघडलेले असते, त्यांनी हा क्रम आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ठरवावा.

एकाच धान्यावर भर देण्यापेक्षा आठवडाभरात वेगवेगळी कडधान्ये, भाज्या, फळे आणि बिया खाव्यात, कारण निरनिराळे जिवाणू निरनिराळ्या तंतूंवर जगतात. दही किंवा अन्य आंबवलेले पदार्थही जोडावेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६ निरोगी प्रौढांवरील दहा आठवड्यांच्या एका चाचणीत आंबवलेल्या पदार्थांनी जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाच्या अनेक खुणा कमी झाल्या. गट लहान होता आणि लैंगिक आरोग्य त्यात मोजलेले नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे. दही घेताना वेष्टनावरील साखरेचा आकडा जरूर वाचावा.

सुकामेव्याविषयी मात्र थेट पुरावा उपलब्ध आहे. स्पेनमधील एका चाचणीत निरोगी तरुणांनी १४ आठवडे रोज ६० ग्रॅम बदाम, हेझलनट आणि अक्रोड खाल्ले, तेव्हा त्यांच्या शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि जिवंत शुक्राणूंचे प्रमाण सुधारले. साठ ग्रॅम म्हणजे जवळपास ३५० ते ४०० उष्मांक होतात, म्हणून ते नेहमीच्या खाण्यावर वरून न घालता बिस्किटे आणि तळलेल्या पदार्थांच्या जागी घ्यावेत. साखर घातलेली पेये आणि प्रक्रिया केलेले मांस कमी करावे, धूम्रपान सोडावे, मद्य जितके कमी तितके बरे. सोयाबीनने पुरुषत्व कमी होते ही भीती मात्र अनाठायी आहे. चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात सोयाबीनमुळे टेस्टोस्टेरॉन घटल्याचे दिसलेले नाही.

कॅप्सूल घ्याव्यात का

ताठरतेवरील उपचारांच्या प्रमुख वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रोबायोटिकची, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणू असलेल्या कॅप्सूलची, शिफारस नाही, आणि एका प्रजातीच्या जिवाणूचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही. तो पैसा फळे-भाज्यांवर खर्च करावा, असेच मी सांगेन. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक चूर्णांबाबत तर फार सावध राहावे. अशा अनेक उत्पादनांत सिल्डेनाफिल हे ताठरतेवरील औषध गुपचूप मिसळलेले आढळले आहे, आणि छातीतील कळेसाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याच्या पोटात ते गेले तर रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो.

किती दिवस वाट पाहावी

आहार बदलला की आतड्यातील जिवाणूंची रचना काही दिवसांतच हलू लागते, पण शरीराला वेळ लागतो. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढच्या प्रवासाला आणखी काही दिवस जातात. म्हणून वीर्यतपासणी सुरुवातीला एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, दोन्ही वेळा २ ते ७ दिवसांच्या सारख्याच संयमानंतर करावी. या दोन तपासण्यांच्या मधल्या काळात पहाटेची ताठरता, कमरेचा घेर आणि झोप यांची आठवड्यातून एकदा नोंद ठेवावी. पहाटे ताठरता नीट येते पण जोडीदाराबरोबर अडचण होते, असे नोंदीत दिसले, तर ताण, चिंता आणि नात्यातील अवघडलेपण यांकडे आधी पाहावे आणि समुपदेशकाची मदत घ्यावी.

काही प्रसंगी तीन महिने थांबूच नये. ताठरता अचानक गेली, लिंगात वाक किंवा वेदना जाणवू लागली, अथवा श्रम करताना छातीत दुखू लागले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर थेट तातडीच्या विभागात जावे. मूल हवे असून वर्षभर प्रयत्नांना यश आले नसेल, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असून सहा महिने गेले असतील, तर दोघांनीही एकाच वेळी तपासणी करून घ्यावी, आणि आहारातील बदल त्या उपचारांसोबत चालू ठेवावेत.