स्क्वॉड, आर्मा मित्रांबरोबर खेळताय? आधी या चुका टाळा

गेली पाचेक वर्षं आम्ही सहा-सात जण दर शुक्रवारी रात्री साडेदहाला बसतो. तिघं पुण्याचे, एक नाशिकचा, दोघं कोल्हापूरचे आणि एक जर्मनीत, त्याच्याकडे हिवाळ्यात तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. खेळतो ते टीमने लढायचे ऑनलाइन युद्धाचे गेम: बहुतेक वेळा स्क्वॉड, अधूनमधून इन्सर्जन्सी सँडस्टॉर्म, आणि सगळ्यांना निवांत वेळ असेल तर आर्मा ३. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी चुलतभाऊ नाहीतर ऑफिसातला मित्र नवीन येतो आणि अगदी त्याच चुका करतो. नेम चुकला तर मला काहीच वाटत नाही, नेम सवयीने बसतो. पण या खालच्या चुकांनी आख्ख्या टीमची रात्र जाते, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतोय.

सगळ्यात पहिली, आणि मला सगळ्यात जास्त त्रास देणारी: "तिकडे आहे रे, तिकडे!"

तिकडे म्हणजे कुठे? तुझ्या स्क्रीनवरचं "तिकडे" मला दिसत नाही ना भाऊ. "उजवीकडे" पण तेवढंच निरुपयोगी, कारण तू उत्तरेला तोंड करून बसलायस आणि मी पूर्वेला, मग तुझी उजवी म्हणजे माझी समोरची बाजू. स्क्वॉडमध्ये स्क्रीनच्या खाली होकायंत्र सतत दिसतं, त्यावरचा आकडा वाचायचा, अंदाजे अंतर सांगायचं आणि एक खूण. "दोन-चार-शून्य, दीडशे मीटर, लाल छपराच्या मागे." बास, एवढंच. आणि आकडे सुटे सुटे बोला. आपल्या मराठीत एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, पंचेचाळीस आणि पंचेचाळीसशे मीटर असले घोळ गोळीबाराच्या आवाजात हमखास होतात. सहा-नऊ म्हटलं की कुणीही चुकत नाही. आम्ही एरवी सगळं मराठीतच बोलतो, पण बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरचा दिशेचा आकडा, मात्र एकेक अंक करूनच, ही आमची पक्की सवय आहे.

याच्याच पुढची चूक म्हणजे नकाशावरची जागा चुकीची सांगणं, आणि याचा किस्सा सांगायलाच हवा. स्क्वॉडचा नकाशा ३०० मीटरच्या चौकोनांत वाटलेला असतो, प्रत्येक चौकोनाचे परत नऊ भाग, म्हणजे एक भाग १०० मीटरचा, त्याला कीपॅड म्हणतात. आता हे नऊ आकडे कीबोर्डच्या नमपॅडसारखे लावलेले आहेत, वरच्या ओळीत ७-८-९ आणि खालच्या ओळीत १-२-३. मोबाईलच्या डायलवर बरोब्बर उलटं असतं.

येहोरिव्का मॅपवर मी मॉर्टरवर, म्हणजे लांबून गोळे फेकणाऱ्या उखळी तोफेवर होतो, आमचा कोल्हापूरचा एक मित्र, तेव्हा नवीनच, पुढे झाडीत लपून बघत होता. त्याने अगदी शांतपणे, नीट सांगितलं, "ई सात, कीपॅड दोन, झाडीच्या कडेने दहा-बारा जण चाललेत." एवढा छान कॉल ऐकून मला बरं वाटलं, नकाशावर तिथे आपलं कुणी नव्हतं, मी अंतर काढलं आणि गोळे सोडायला लागलो. चार गेले, सहा गेले, बारा गेले. मी विचारतोय "पडतायत का?" आणि तो म्हणतोय "नाही रे, काहीच दिसत नाही, आवाज लांबून येतोय." त्याच्या लॅपटॉपला नमपॅडच नव्हता, त्याने डोक्यात मोबाईलचा डायल धरला होता. ती माणसं कीपॅड आठला होती, २०० मीटर उत्तरेला, आणि मी रिकाम्या शेतात गोळे टाकत होतो. हे कळेपर्यंत ते दहा-बारा जण आमच्या हॅबपाशी, म्हणजे मेलेले खेळाडू जिथून परत खेळात येतात त्या तळापाशी पोचले, तिथून परत येणं (स्पॉन) बंद पडलं, मग ज्याच्या जोरावर तो तळ चालतो तो रेडिओ गेला, त्याची तिकिटं, म्हणजे टीमचे गुण गेले, आणि सव्वा तास चाललेला राऊंड तिथून हातातून सुटला. त्यात त्या पोराचा दोष मी धरत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता कुणीही नवीन आला की मी त्याला कागदावर नऊ चौकोन काढायला लावतो, वरती ७-८-९ लिहायला लावतो आणि तो कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवायला सांगतो. यूट्यूबवरचे "दहा मिनिटांत प्रो बना" वाले व्हिडिओ बघून येणाऱ्यांना हे बालवाडीसारखं वाटतं. वाटू दे. कागद चिकटवाच.

दुसरी मोठी चूक मेडिकची, म्हणजे पडलेल्यांना उपचार करून परत उभं करणाऱ्याची. मित्र पडला की धावत सुटायचं. भावना समजते, आपलाच माणूस ओरडतोय, पण ज्या बंदुकीने तो पडला ती अजून त्याच रस्त्यावर रोखलेली आहे. फलुजा मॅपवर एका गल्लीत आमचे चार जण असेच एकामागून एक गेले, पहिल्याला उचलायला दुसरा, दुसऱ्याला उचलायला मेडिक, आणि मेडिकला उचलायला मी. स्क्वॉडमध्ये पडलेला माणूस लगेच संपत नाही, हातात काही मिनिटं असतात, ती वापरा. पडलेल्याने आधी गोळी कुठून आली ते सांगायचं, "मेलो मेलो" नंतर. मग स्मोक टाकायचा, पण पडलेल्याच्या अंगावर नाही, त्याच्या आणि शत्रूच्या मधे. आणि टाकल्या टाकल्या पळायचं नाही, धूर पसरायला वेळ लागतो. मी मनात सावकाश दहापर्यंत मोजतो, आजतागायत तेच करतो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

चार मित्र डिस्कॉर्ड या बाहेरच्या व्हॉइस चॅट ॲपवर गप्पा मारतायत आणि तुकडीतल्या उरलेल्या पाच जणांना काहीच ऐकू जात नाही. नऊ जणांची तुकडी आहे (गेममध्ये तिलाही स्क्वॉडच म्हणतात), गेमच्या आतला व्हॉइस वापरा, डिस्कॉर्ड राऊंड संपल्यावर.

माईक सतत चालू ठेवू नका. पंखा, कुकरची शिट्टी, बाहेरचा हॉर्न, यात शत्रूच्या पावलांचा आवाज बुडतो. बटण दाबूनच बोला.

सँडस्टॉर्ममध्ये दोन गोळ्या झाडल्या की रिलोड करायची खोड सोडा. आर हे बटण एकदा दाबलं तर अर्धवट मॅगझिन परत खिशात जातं, दोनदा पटकन दाबलं तर ते जमिनीवर पडतं आणि त्यातल्या गोळ्या गेल्याच. किती उरल्यात बघायचं तर आर धरून ठेवा.

सगळीकडे पळत जाऊ नका. स्क्वॉडमध्ये सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर तर दम लागलेला असताना बंदूक इतकी हलते की समोरचा उभा असला तरी लागत नाही. घराच्या अलीकडे वीस पावलं चालत जा, दम येऊ द्या, मग आत शिरा.

आणि पहिल्याच दिवशी स्क्वॉडमध्ये मार्क्समन (लांबून नेम धरणारा) किंवा स्क्वॉड लीडर (तुकडीचा म्होरक्या) ही भूमिका घेऊ नका, याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. समोर ५०, आपले ५०, आणि तुम्हाला अजून हॅब म्हणजे काय माहीत नाही. आधी जेन्सन्स रेंज या सरावाच्या मॅपवर एक तास एकट्याने काढा, तिथे सगळ्या बंदुका, गाड्या वापरून बघता येतात. मग रायफलमन, म्हणजे साध्या सैनिकाची भूमिका घ्या. त्याच्याकडे अमो बॅग, म्हणजे दारूगोळ्याची पिशवी असते, लीडरच्या मागे दहा-पंधरा मीटर राहायचं, कुणी "अमो" म्हटलं की बॅग टाकायची आणि तो भरून घेईपर्यंत त्याच्या पाठीमागच्या बाजूला बघत राहायचं.