हृदय आणि दिल: व्युत्पत्ती लावताना या चुका टाळा

'हृदयाचा अपभ्रंश होऊन दिल झालं' असं सर्रास सांगितलं जातं. घोळ इथूनच सुरू होतो. फारसी संस्कृतातून निघालेली नाही. वैदिक हृद्, अवेस्तातलं (पारशांच्या प्राचीन इराणी धर्मग्रंथातलं) ज़ॅरॅद् आणि फारसी दिल ही भावंडं आहेत. त्यांचं मूळ या सगळ्यांच्या आधीच्या भारत-इराणी भाषेत आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच होते: ह आणि द यांचा काय संबंध, म्हणून जोडीच फेटाळायची. एकट्या शब्दावर निकाल देऊ नका, तीच सांगड दुसरीकडे सापडते का ते पाहा. संस्कृत हस्त, अवेस्ती ज़स्त, जुनी फारसी दस्त. संस्कृत अहम्, अवेस्ती अज़ॅम्, जुनी फारसी अदम्. ह–ज़–द अशी रांग पुन्हा पुन्हा लागते, म्हणून मूळ ध्वनी साधारण 'झ'सारखा धरतात: *झृद्, *झस्त. (दिलमधला ल पुढे 'र्द'चा झाला.) शब्दाआधीची ती चांदणी (*) विसरू नका. असा शब्द कुठल्याही जुन्या लिखाणात सापडलेला नाही, तो तर्काने उभा केलेला आहे.

आता नियम अडतो कुठे? बाहूच्या जोडीला फारसीत 'बादू' हवं होतं, आहे 'बाज़ू'. लगेच नियम मोडीत काढू नका. जिथे ज़ टिकला अशा इतर इराणी बोलींमधले बरेच शब्द फारसीत आले आहेत. मराठी 'बाजू' फारसीतून आली आहे. ती थेट बाहूपासून काढणं चूक.

सर्वात अवघड जागा मात्र हृदयाचीच. ग्रीक कार्दिआ, लॅटिन कोर्दिस, लिथुआनियन शिर्दिस हे दूरच्या नातलग भाषांतले शब्द पाहिले तर त्या 'झ'च्याही आधीचा मूळ ध्वनी क-वर्गातला, अघोष (ग नव्हे, क-सारखा) ठरतो. लॅटिन केंतुम्, लिथुआनियन शिम्तस यांच्यासमोर संस्कृतात शतम् येतं. त्या हिशेबाने 'शृद्' यायला हवं होतं. आलं हृद्. अवेस्तातही ज़च आहे, म्हणजे हा बदल भारतीय आणि इराणी शाखा फुटण्याआधीचा. तो का झाला यावर एकमत नाही, तेव्हा कोष्टक जुळावं म्हणून कारण रचू नका, विसंगती तशीच नोंदवा. नियमाप्रमाणे येणारा श 'श्रद्धा'तल्या 'श्रद्'मध्ये टिकला आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. लॅटिनमधलं 'क्रेदो', म्हणजे 'मी विश्वास ठेवतो', त्याच घडणीचं.