चरित्र भूमिका करायच्यात? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नाटकाची हौस दांडगी. गणपतीत नाहीतर जत्रेत दोन-चार नाटकं गाजवली, की पोरं कोल्हापूरला ऑडिशनला जातात. तिथं बहुतेक जण एकच चूक करतात. आपली बोली घरी ठेवतात आणि उसनं पुणेरी मराठी बोलू लागतात. ते धड वठत नाही आणि जवळचं होतं तेही हातचं जातं.

चरित्र अभिनेता म्हणजे नायक-नायिकेच्या भोवतालची माणसं रंगवणारा नट. त्याचं भांडवल म्हणजे ऐकलेली, पाहिलेली माणसं. बेळगावात 'काय करूलालास' कानावर पडतं, निपाणीकडे 'काय करालाईस'. कन्नड घरातला दुकानदार मराठी बोलताना 'भाकरी चांगला झाला' म्हणून जातो. हे सगळं आपल्याला लहानपणापासून ऐकायला मिळतं, मुंबईच्या नटाला ते मुद्दाम शिकावं लागतं. मात्र असा दुकानदार रंगवताना चुकांचा पाऊस पाडू नका. त्याला उधारी वसूल करायची असते, व्याकरण चुकलंय हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. तुम्हीही उधारीकडे लक्ष द्या, चूक आपोआप होऊ द्या. आणि वकील, प्राध्यापक करायचे तर प्रमाण मराठीही यायलाच हवी. रोज वर्तमानपत्रातली एखादी बातमी मोठ्यानं वाचा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका.

दुसरी चूक म्हणजे भूमिका निवडताना सीन मोजणं. सीन किती, यापेक्षा हा माणूस काढून टाकला तर गोष्टीचं काय बिघडतं, हे विचारा. काहीच बिघडत नसेल, तर दहा सीन असूनही हाताला काही लागणार नाही. बेळगावात जन्मलेल्या अतुल कुलकर्णींना 'हे राम' आणि 'चांदनी बार' या दोन्ही चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि ते दोन्ही सहाय्यक भूमिकेसाठी होते.

त्यांच्याच 'नटरंग'चं (२०१०) उदाहरण पुष्कळांच्या तोंडी असतं. त्यातल्या गुणा या नायकासाठी त्यांनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं, मग तमाशातल्या नाच्यासाठी ते उतरवलं. ऐकणारे त्यातलं फक्त वजन उचलतात, जिम लावतात, दाढी वाढवतात. मला हे उलटं वाटतं. आधी त्या माणसाचं काम शिका, म्हणजे शरीर कसं हवं ते कळतं.

समजा, निपाणीतल्या विडी कामगार बाईची भूमिका आली. मांडीवर सूप घेऊन बसलं की झालं, असं समजू नका. भिजवलेलं पान मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, त्यात चिमटीनं तंबाखू भरायची, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मुरलेली बाई हे करताना सुपाकडे क्वचितच बघते. ती शेजारणीशी भांडते, पोराला हाक मारते, पण हात थांबत नाहीत. थांबले तर मजुरी बुडते. तुमचा संवाद चालू असताना हात थांबला, तर ती बाई खोटी ठरलीच. म्हणून अशा घरी परवानगी घेऊन बसा, हातानं विड्या वळून बघा आणि मगच संवाद पाठ करा. पाठ झाल्यावर ते हात चालवतच म्हणा. जिथं अडखळाल, तिथं काम अजून अंगात मुरलेलं नाही.

'ओव्हर होतंय' असं दिग्दर्शक वारंवार म्हणत असेल, तर दोष बहुधा रंगमंचाच्या सवयीचा असतो. जत्रेत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागतो, कॅमेऱ्यापुढे माईक शर्टाच्या आत असतो. समोरच्या एकाच माणसाला सांगतोय, एवढा आवाज ठेवा. भुवया आणि मान आवरा.

उरली साच्यात अडकण्याची भीती. एकदा खाष्ट पाटील जमला, की पुढचे सगळे पाटीलच येतात. घर चालवायचं असतं, त्यामुळे नकार द्याच, असं मी कुणाला सांगणार नाही. पण नवा पाटील घेताना तो पैसा कुठून आणतो, कुणाला घाबरतो, घरात कुणापुढे गप्प बसतो, हे लिहून काढा. उत्तरं आधीच्या पाटलासारखीच आली, तर लेखकाशी बोला. आणि ऑडिशनचा व्हिडिओ पाठवताना त्याच पाटलाची क्लिप पुन्हा नको. एक पाटील, एक शिपाई, एक हरलेला बाप, असे तीन वेगळे तुकडे साध्या भिंतीपुढे, खिडकीच्या उजेडात शूट करा आणि तेच पाठवा.