ड्रोन उडवू देण्याआधी तो नळीवर डोलू द्या

ग्रामीण विदर्भातील अभियांत्रिकी महाविद्यालयात आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पऱ्हाटीवर फवारणी करणारा ड्रोन पाहिलेला असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांना उड्डाण हवे असते. ते देऊ नये.

आधी वजनाचा हिशोब करून घ्यावा. बॅटरीसह १,२०० ग्रॅमच्या क्वाडकॉप्टरला (चार मोटारींच्या ड्रोनला) पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे मोटारी पूर्ण जोरात असताना, वजनाच्या किमान दुप्पट, म्हणजे मोटरमागे ६०० ग्रॅम थ्रस्ट (उचलणारा जोर) हवा. तो विद्यार्थ्यांनीच मोजावा. जड लाकडी ठोकळ्यावर मोटर पक्की बसवून ठोकळा वजनकाट्यावर ठेवावा आणि हवेचा झोत वर सोडावा. काट्यावर जितके वजन वाढेल तितका थ्रस्ट. पात्यांच्या पातळीत कोणी उभे राहू नये. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांवर हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते, म्हणून डिसेंबरच्या सकाळी जेमतेम पुरलेली मोटर मे महिन्यात कमी पडते.

खरा वेळ द्यावा तो नियंत्रणाला. ड्रोनच्या चौकटीतून एक नळी आरपार घालून तिची टोके दोन स्टँडवरील बेअरिंगमध्ये बसवावीत, म्हणजे चौकट एकाच अक्षाभोवती फिरेल. नळी गुरुत्वमध्यातूनच जायला हवी. आम्ही एकदा ती थोडी वर बसवली. चौकट लोलकासारखी आपोआप सरळ होत राहिली आणि आपला प्रोग्राम उत्तम चालतो या समजुतीत आमचे तीन दिवस गेले.

पीआयडी म्हणजे ड्रोन सरळ ठेवणाऱ्या प्रोग्राममधील तीन दुरुस्त्या: पी चौकट किती कलली आहे त्यावर, आय तो कल किती साचत गेला त्यावर आणि डी तो किती वेगाने बदलतो त्यावर चालते. त्यांपैकी प्रथम केवळ पी ठेवावा. चौकट हेलकावे खात राहते, स्थिरावत नाही, आणि ते विद्यार्थ्यांना पाहू द्यावे. मग डी वाढवत नेल्यास हेलकावे शमतात. तो फार वाढवला तर जायरोच्या (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) संकेतातील थरथर वाढून मोटारी किरकिरतात व तापतात. आयची गरज समजावण्यासाठी एका भुजेच्या टोकाला नाणे चिकटवावे. पी आणि डी असूनही चौकट किंचित कललेलीच राहते. आय जोडला की ती हळूहळू सपाट होते. मात्र ड्रोन जमिनीवर असताना आय साचू देऊ नये, नाहीतर उड्डाण घेतानाच तो उलटतो.

पुढे-मागे आणि डावे-उजवे असे दोन्ही अक्ष नळीवर जमल्यावरच मोकळ्या वावरात, कास्तकाराची परवानगी घेऊन, पिकाला धक्का न लावता जावे. ड्रोन नियम, २०२१ नुसार हवाई क्षेत्राच्या सरकारी नकाशावर ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल भागात येते ते आधी तपासावे. पहिले उड्डाण वारा सुटण्यापूर्वी, अर्ध्या मीटर उंचीवर आणि अर्ध्या मिनिटाचेच असावे. लगेच उतरवून मोटारींना हात लावावा आणि जी मोटर इतरांहून गरम लागेल तिचे पाते प्रथम तपासावे.