उपासनेतली गीते: निवड, पट्टी आणि उठाव

चर्चमधल्या उपासनेची गीते शनिवारी रात्री ठरवली की दर रविवारी तीच दहा-बारा फिरत राहतात. त्यापेक्षा बुधवारपर्यंत पाळकांकडून शास्त्रपाठ आणि संदेशाचा विषय मागून घ्या. दीड तासाच्या उपासनेला पाच गीते पुरतात: आरंभीचे, पापकबुलीनंतरचे, संदेशाआधीचे, दानार्पणाचे आणि समाप्तीचे. आधी संदेशाचे गीत पक्के करा, बाकीची त्याच्या अंगाने निवडा. आरंभाला ‘आम्ही’ म्हणणारे गीत चांगले. ‘मी पापी’ म्हणणारे कबुलीनंतर शोभते. कडवी गाळायची असतील तर अर्थ जोडून बघा, आणि कवीची नाममुद्रा असलेले शेवटचे कडवे गाळू नका.

‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकात दोन वळणांची गीते आहेत. एक ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) पठडीतली, अभंग-भजनाच्या चालीची. दुसरी पाश्चात्त्य चालींवर बसवलेली. दोन्ही एकाच पद्धतीने चालवायला गेलात तर एक तरी बिघडणारच.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुरावर ‘सा’ धरायचा ते, ठरवताना गायकाचा गळा बाजूला ठेवा. गीतातला सर्वांत उंच स्वर शोधा. बायकांच्या आवाजात तो वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) पुढे जाऊ नये आणि सर्वांत खालचा मधल्या सप्तकाखालच्या पांढरी सहाच्या खाली उतरू नये. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘सा’पर्यंत) फिरणारी चाल म्हणूनच पांढरी दोनला नेमकी बसते. चाल तार गंधारापर्यंत (‘ग’पर्यंत) चढत असेल तर षड्ज खालच्या काळी पाचवर घ्या, मात्र ती मंद्र निषादाच्या (‘नि’च्या) खाली उतरत नाही ना, हे आधी तपासा. सकाळी आठच्या उपासनेत गळे उघडलेले नसतात, तेव्हा आणखी अर्धा स्वर खाली आणा. पट्टी चढी झाली की आधी पुरुष गप्प होतात. तेवढी खूण पुरे.

शब्द चांगले पण चाल कुणालाच येत नाही, असे झाले तर छंद मोजा. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात. त्यामुळे मंडळीला (उपासनेला जमलेल्या लोकांना) येणाऱ्या दुसऱ्या अभंगाची चाल त्याला लागते. फक्त भाव जुळवा. वधस्तंभाच्या गीताला नाताळची उड्या मारणारी चाल लावू नये. (हे होते, आणि ठेका धरणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नाही.)

गीत सांगताना क्रमांक, मग पहिली ओळ, मग पुन्हा क्रमांक. जुनी आणि नवी पुस्तके एकत्र असतील तर क्रमांक आधी ताडून घ्या. पाने सापडेपर्यंत पेटीवर ध्रुवपदाची शेवटची ओळ वाजवा. संपूर्ण चाल वाजवली तर गाणे सुरू कधी करायचे हे लोकांना कळत नाही. ओळ संपली की हात वर, सर्वांना दिसेल असा श्वास, आणि उठाव, म्हणजे सर्वांनी एकदम गायला सुरुवात.

भजनात पुढे म्हणणारा गायक एक ओळ म्हणतो, मंडळी ती उचलते. तिची ओळ पुरती संपू द्या; मध्येच पुढची सुरू केली की अर्धे लोक मागे राहतात. ठेका आठ मात्रांचा धुमाळी किंवा केहरवा. लय चढवते ती बहुधा झांज, तबला नव्हे, म्हणून झांजवाल्याला तबलजीच्या समोर बसवा. पाश्चात्त्य चालीची अडचण उलटी: ओळीच्या शेवटचा लांब स्वर ओढत ओढत लय मरते. तो स्वर एक मात्रा आधी तोडून तिथे श्वास घ्या. अशा काही चाली समेआधीच्या (तालाच्या पहिल्या मात्रेआधीच्या) हलक्या मात्रेवर उठतात; तो उठाव हाताने दाखवला नाही तर पहिला शब्द नुसत्या गायकवृंदाचाच ऐकू येतो.

पहिल्या दोन ओळी झाल्या की मायक्रोफोनपासून हातभर मागे सरा. कर्ण्यातून एकच आवाज घुमत असेल तर लोक गाणे सोडून ऐकत बसतात. तिसऱ्या कडव्याला पेटी बंद ठेवून बघा. मंडळीला चाल कितपत येते ते लगेच कळते.

नवे गीत महिन्याला एकच. पहिल्या रविवारी गायकवृंदाने दानार्पणात म्हणावे, दुसऱ्या रविवारी मंडळीने नुसते ध्रुवपद, तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी सगळे. नंतर दोन महिने ते विसरू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. वहीत तारीख, क्रमांक, घेतलेली पट्टी आणि म्हटलेली कडवी लिहून ठेवा.