घरी स्मार्ट पाणी मीटर बसतोय? या चुका टाळा

वापराचे आकडे रेडिओने आपोआप पाठवणारा स्मार्ट मीटर बसवायला आलेला माणूस अर्ध्या तासाच्या आत काम उरकतो. व्हॉल्व्ह बंद, दोन्ही बाजूंचे नट सैल, जुना मीटर बाहेर, नवे वॉशर, नवा मीटर आत, सील, सही. जुना मीटर त्याच्या पिशवीत जातो आणि त्याच्याबरोबर तुमच्या आजवरच्या वापराचा पुरावाही. पुढे बिलावरून वाद झाला की त्या आकड्याची आठवण होते, पण तोवर मीटर भंगारात गेलेला असतो. पाणीबिलाच्या तक्रारी लिहायला मी अनेक ओळखीच्यांना मदत केली आहे. त्यातल्या बहुतेक एकाच जागी अडल्या: मीटर बदलला त्या दिवशीची कुठलीही नोंद घरमालकाकडे नव्हती. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बदलीच्या दिवशी

जुना मीटर पाइपवर असतानाच त्याचा फोटो काढा. त्यात मीटरचा क्रमांक आणि पूर्ण आकडा, काळे आणि लाल दोन्ही अंक, स्पष्ट वाचता आले पाहिजेत. काळे अंक घनमीटर दाखवतात, लाल अंक त्याखालचे लिटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. मग नव्या मीटरचाही तसाच फोटो घ्या. नवा मीटर शून्यावरच असेल असं नाही. कारखान्यात प्रत्यक्ष पाणी सोडून त्याची चाचणी झालेली असते, त्यामुळे थोडे लिटर आधीच दिसू शकतात. त्यात काही गैर नाही, फक्त तोच आकडा कामाच्या पावतीवर सुरुवातीचा आकडा म्हणून लिहिलेला हवा. दोन्ही क्रमांक आणि दोन्ही आकडे पावतीशी ताडून बघा आणि मगच सही करा. मीटर घराबाहेर असेल आणि तुम्ही नसताना काम होण्याची शक्यता असेल, तर बदलीची सूचना आल्यापासून रोज एक फोटो काढून ठेवा.

अनेक घरांचे मीटर एका ओळीत असतील तर आणखी एक तपासणी कराच. तुमच्या घराचा व्हॉल्व्ह बंद करा, आत नळ उघडा ठेवा आणि तुमच्या नावाचा मीटर थांबला का ते बघा. व्हॉल्व्ह उघडला की तोच मीटर चालू झाला पाहिजे. घाईच्या कामात दोन शेजाऱ्यांच्या मीटरची अदलाबदल नोंदवली जाऊ शकते आणि मग दोघंही वर्षानुवर्षं एकमेकांचं बिल भरतात. आकडे रेडिओने आपोआप जात असल्यामुळे जागेवर येऊन मीटर बघणारं कुणी उरत नाही आणि ही चूक आपणहून कधीच उघडी पडत नाही. म्हणून या दोन मिनिटांच्या तपासणीला मी सगळ्यात वरचं स्थान देतो.

आधीची बिलं अंदाजाने येत होती का, तेही बघून घ्या. येत असतील, तर जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्यात कित्येक महिन्यांची थकलेली युनिटं एकदम निघू शकतात. ती नव्या मीटरच्या माथी मारू नका. पण हा वापर किती दिवसांचा आहे ते विचारा आणि त्या दिवसांत विभागून आकारणी करायची मागणी करा, कारण टप्प्यांचे दर असतील तिथे एकदम दाखवलेला वापर वरच्या दरात जातो.

पाणी पुन्हा सोडताना

व्हॉल्व्ह झटक्यात उघडू नका, हळूहळू उघडा. पाइपमध्ये हवा शिरलेली असते आणि एकदम सुटलेलं पाणी जोरात आदळतं, जुने जोड त्याने हलतात. आधी तोंडाला जाळी नसलेला एखादा नळ उघडा आणि पाणी फुरफुरायचं थांबेपर्यंत वाहू द्या. काम करताना सुटलेला गंज आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे याच पहिल्या पाण्याबरोबर येतात. ते नळाच्या जाळीत अडकले की धार बारीक होते आणि 'नव्या मीटरने प्रेशर कमी केलं' अशी तक्रार सुरू होते. असं झालं तर जाळ्या काढून धुवा. तरीही सगळ्याच नळांना धार कमी असेल, तर मीटरच्या तोंडाशी असलेली गाळणी साफ करायला पाणीपुरवठा विभागालाच बोलवा, सील स्वतः तोडू नका. गिझर आणि पाण्याचा फिल्टर पाणी स्वच्छ आणि सलग येईपर्यंत बंदच ठेवा.

मीटरच्या दोन्ही जोडांभोवती तासाभराने कोरडा कागद फिरवा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फिरवा. बारीक झिरप डोळ्याला दिसत नाही, पण कागद ओला होतो.

आता अर्थिंग. जुन्या घरांत धातूचा पाण्याचा पाइपच विजेच्या अर्थिंगसाठी वापरलेला असू शकतो. धातूच्या मीटरजागी प्लास्टिकच्या बॉडीचा मीटर आला की ती जोडणी तिथे तुटते. पाणी व्यवस्थित चालू असतं, त्यामुळे काही बिघडलं आहे हे कळतच नाही. घर जुनं असेल आणि पाइप लोखंडी असतील, तर मीटर बदलल्यावर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. ही गोष्ट कृपया टाळू नका.

'मीटर पळतोय' असं लगेच ठरवणं

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तिच्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. जुन्या मीटरमध्ये पाण्याच्या धारेने फिरणारा पंखा असतो. वर्षानुवर्षांच्या झिजेने आणि गाळाने तो जड होतो आणि बारीक धारेला फिरतच नाही. ते पाणी घरात येतं, पण मोजलं जात नाही. नव्या स्मार्ट मीटरपैकी बरेच अल्ट्रासॉनिक असतात. त्यांच्यात फिरणारा भागच नसतो. ध्वनिलहरी पाण्याच्या दिशेने पाठवल्या तर किंचित लवकर पोचतात, उलट दिशेने किंचित उशिरा. या फरकावरून पाण्याचा वेग कळतो आणि अगदी बारीक धारही मोजली जाते.

आकड्यांतच बघू. आयएसओ ४०६४ या पाण्याच्या मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मीटरवर 'क्यू ३' म्हणजे तो सतत नीट मोजू शकतो असा मोठा प्रवाह आणि 'आर' हे गुणोत्तर लिहिलेलं असतं. क्यू ३ ला आर ने भागलं की मीटर खात्रीने मोजू शकतो तो सगळ्यात कमी प्रवाह मिळतो. घरगुती मीटरचा क्यू ३ ताशी २.५ घनमीटर धरला आणि आर ८० असला, तर ही मर्यादा ताशी ३१.२५ लिटर येते. आर ४०० असला तर ताशी ६.२५ लिटर. समजा कमोडच्या टाकीतून ताशी १० लिटर पाणी गळतं आहे. पहिल्या मीटरच्या हमीबाहेरची ही धार, तो मोजेल किंवा नाही. दुसरा मात्र ती टिपणारच. दिवसाला २४० लिटर, ३० दिवसांत ७२०० लिटर! घरात काहीच बदललं नाही आणि बिल मात्र वाढलं, असं तुम्हाला वाटतं ते यामुळे. गळती आधीपासून होती, दिसायला आता लागली.

मीटर कधीच चुकत नाही, असं मी म्हणत नाही. बिघडलेले, चुकीचे बसवलेले मीटर असतात. पण तक्रार करण्याआधी घरातली गळती तपासून घेतली नाही, तर तुमची खरी तक्रारही कुणी गांभीर्याने घेत नाही.

तपासणी रात्री करा. झोपताना सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिटरपर्यंत लिहून ठेवा, मधे पाणी वापरू नका, सकाळी पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर मीटरनंतरचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा बघा. तरीही सरकत असेल तर गळती मीटर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधे आहे किंवा व्हॉल्व्हच पूर्ण बंद होत नाही. थांबला तर गळती घरात आहे. घरातला पहिला संशयित कमोडची फ्लशची टाकी. तिच्यात खायच्या रंगाचे काही थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की आतलं रबर गेलं आहे. ही गळती आवाज करत नाही, फरशी ओली करत नाही, म्हणूनच ती वर्षभर चालू राहू शकते.

टाकी असेल तर गळतीचा इशारा वेगळा वाचा

बहुतेक मीटरमध्ये गळती ओळखायची रीत साधी असते: दिवसभरात प्रवाह एकदाही शून्यावर आला नाही, तर गळतीची खूण दाखवायची. पाणी थेट नळांना जात असेल तिथे हे बरोबर चालतं. पण पाणी आधी टाकीत साठत असेल, तर मीटरला तुमचा वापर दिसत नाही, त्याला फक्त टाकीचं भरणं दिसतं. बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) पूर्ण उघडत नसेल आणि टाकी रात्रभर करंगळीएवढ्या धारेने भरत राहत असेल, तर एक थेंबही वाया न जाता इशारा येऊ शकतो. उलट पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर बाकीचा दिवस प्रवाह शून्यच असतो. मग टाकीखालचा नळ महिनाभर ठिबकत राहिला तरी इशारा येत नाही.

अशा घरांत टाकीची तपासणी वेगळी करावी लागते. टाकीत येणारं आणि टाकीतून जाणारं, दोन्हीकडचं पाणी बंद करा, पातळीवर खूण करा आणि काही तासांनी बघा. पातळी उतरली तर टाकीच गळते आहे. मग फक्त जाणारा व्हॉल्व्ह उघडा आणि सगळे नळ बंद ठेवून पुन्हा बघा. आता उतरली तर गळती खालच्या पाइपांत किंवा नळांत आहे. बॉल कॉक नीट बंद होत नसेल तर टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाशी ओल दिसते.

खंडित पुरवठ्यात हवेचाही प्रश्न असतो. पाणी सुटताना पुढे ढकलली जाणारी हवा पंख्याच्या मीटरला फिरवते आणि ती बिलात येते. अल्ट्रासॉनिक मीटर पाइप रिकामा असताना मोजत नाही, तशी खूण पडद्यावर दाखवतो. मात्र पाण्यात बुडबुडे मिसळलेले असले तर त्याचंही मोजमाप बिघडतं. त्यामुळे मीटर पाइपच्या सगळ्यात उंच जागी, जिथे हवा साठते, बसवू देऊ नका.

ॲपवरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा

ॲपमध्ये कालचाच आकडा दिसतो म्हणून मीटर बंद पडला असं समजू नका. मीटर बॅटरीवर चालतो, ती सहसा सीलबंद लिथियमची असते आणि दहा-पंधरा वर्षं पुरवायची असते. म्हणून तो तासातासाचे आकडे साठवतो आणि दिवसातून मोजक्या वेळाच पाठवतो. याचा अर्थ गळतीचा इशाराही उशिरा येतो. चार दिवस घर बंद ठेवून जाताना इशाऱ्याच्या भरवशावर राहू नका, मुख्य व्हॉल्व्ह बंद करून जा.

दोन-तीन दिवस आकडे आलेच नाहीत आणि मग आलेखात एकदम उंच खांब दिसला, तरी घाबरू नका. मीटरमधला आकडा साचत जाणारा असतो आणि बिल दोन आकड्यांच्या फरकावर बनतं. मधला निरोप हरवला म्हणून पाणी वाढत नाही की कमी होत नाही.

खरी काळजी करायची ती ॲप आणि मीटर यांचे आकडे जुळत नसतील तेव्हा. काही ठिकाणी मीटर पंख्याचाच असतो आणि त्याला रेडिओचा भाग वरून जोडतात. तो भाग मीटरकडून येणारे ठोके मोजतो. एक ठोका म्हणजे १ लिटर की १० लिटर, हे त्याला बसवतानाच सांगावं लागतं. तिथे चूक झाली की बिल दहापट किंवा एक दशांश येतं. पहिले तीन महिने, महिन्यातून एकदा, मीटरचा फोटो काढून ॲपच्या त्याच दिवसाच्या आकड्याशी ताडून बघा. वाचतानाही सांभाळा: पडद्यावर ००१२.३४५ असेल तर ते १२ घनमीटर आणि ३४५ लिटर. पडदा आलटून पालटून प्रवाहाचा वेगही दाखवतो, तो वापर म्हणून लिहून घेऊ नका.

आकडे वारंवार अडकत असतील तर आधी मीटरभोवती बघा. खड्ड्यात पाणी साचलं असेल, वर लोखंडी झाकण किंवा कायम उभी गाडी असेल, मीटर कपाटात कोंडला असेल, तर रेडिओचा निरोप बाहेर पडत नाही. त्या रेडिओची भीती बाळगायचं मात्र कारण नाही. एनबी-आयओटी प्रकारचा, म्हणजे मोबाइलच्या नेटवर्कवरून आकडे पाठवणारा मीटर जास्तीत जास्त २०० मिलिवॉटने बोलतो, म्हणजे ४जी मोबाइलइतकाच, आणि तोही दिवसातून थोडाच वेळ.

तासातासाचे आकडे तुम्ही घरी कधी नसता हेही सांगतात. ॲपचा पासवर्ड कुणाला देऊ नका, घर सोडताना खातं बंद करा. 'मीटर अपडेट करा, नाहीतर पाणी तोडू' अशा संदेशातल्या लिंकला हात लावू नका.

तरीही आकडा पटत नसेल

मीटरचा आकडा लिहून ठेवा, टाकीआधीच्या थेट नळावरून मोजून पाणी घ्या आणि मीटर किती सरकला ते बघा. खुणेपर्यंत २० लिटरची बादली पाच वेळा भरली की १०० लिटर. धार मोठी ठेवा आणि त्या वेळी बाकी काही चालू नको, टाकीकडे जाणारं पाणीही बंद. साध्या धारेला अचूकतेच्या दुसऱ्या वर्गाच्या नव्या मीटरला २ टक्के चूक माफ आहे, तुमच्या बादलीच्या खुणेतही थोडी चूक असेल. फरक पाच-सहा लिटरच्या पुढे गेला, तर प्रयोगशाळेत तपासणीची मागणी करा. तक्रार लेखी द्या: दोन्ही मीटरचे क्रमांक, बदलीची तारीख, शेवटचा आणि सुरुवातीचा आकडा, रात्रीच्या तपासणीचा निकाल, फोटो. बिलांची तुलना रकमेने करू नका, दिवसाला किती लिटर अशी करा, कारण दोन बिलांचे दिवस वेगळे असू शकतात. वाद जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा असेल, तर तो मीटर निकाल लागेपर्यंत जपून ठेवावा अशी विनंतीही त्याच अर्जात, पहिल्याच आठवड्यात करा.