ग्रूव्ह आणि पॉकेट: ठेका अंगात कसा मुरवावा

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत भजन रंगात येतं, तेव्हा एक वेळ अशी येते की टाळकरी एकमेकांकडे बघतही नाहीत, तरी सगळे टाळ एकाच जागी पडतात. पखवाजवाल्याने डाव्या पुडीला कणीक लावून, थोपटून हवा तसा घुमारा आणलेला असतो. दारात चपला काढणारा माणूसही आत येण्याआधीच मान डोलवायला लागतो. लय वाढलेली नसते, आवाजही चढलेला नसतो, पण काहीतरी जमून आलेलं असतं. ड्रमर, बास गिटारवाले, कीबोर्डवाले ज्याला 'ग्रूव्ह' आणि 'पॉकेट' म्हणतात ते हेच. त्यामुळे हे शिकताना आपण अगदी शून्यापासून सुरुवात करत नसतो.

मी मुंबईत ऑर्केस्ट्रात आणि हळदीच्या कार्यक्रमांत ड्रम वाजवतो, थोडं शिकवतोही. शिकायला आलेल्या मुलांना आधी हाताचा वेग हवा असतो. मी त्यांना आधी ठेका धरायला लावतो, कारण वेग वर्षभरात येतो आणि ठेका धरायची सवय सुरुवातीला लागली नाही तर पुढे ती लावणं फार जड जातं.

आधी दोन शब्दांमधला फरक. ग्रूव्ह म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठेक्याची ढब: कुठल्या आघाताला वजन, कुठे नुसता स्पर्श, मध्ये जागा किती मोकळी. केरवा घ्या. धा गे ना ती, ना क धी ना, आठ मात्रा. वहीत सगळीकडे सारखाच लिहिलेला असतो. पण लावणीच्या ढोलकीवरचा केरवा, कव्वालीतला केरवा आणि भजनातला केरवा डोळे मिटूनही वेगवेगळे ओळखू येतात. वहीत न मावणारा तो भाग म्हणजे ग्रूव्ह. पॉकेट म्हणजे शब्दशः खिसा. वाजवणाऱ्या सगळ्यांचे आघात एकाच खिशात जाऊन बसले पाहिजेत. ग्रूव्ह एकट्यालाही धरता येतो, पण पॉकेटला माझ्या मते दुसरा माणूस लागतोच.

आपल्याकडे 'बसणे' हा शब्द दोन्हीकडे चालतो. 'ठेका बसला' ही शाबासकी असते आणि 'लय बसली', म्हणजे मंदावली, ही तक्रार. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली पायरी: स्टिक्स बाजूला ठेवा

साधा ठेका तोंडाने म्हणा. चार मात्रा मोजा. एक आणि तीनवर 'धुम', दोन आणि चारवर 'टक'. धुम म्हणजे बास ड्रम, उजव्या पायाने वाजवायचा मोठा ड्रम. टक म्हणजे स्नेअर, समोरचा कडक आवाजाचा छोटा ड्रम. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेरी मारताना हे करून बघा: प्रत्येक पाऊल एक मात्रा, डाव्यावर एक, उजव्यावर दोन, आणि टाळी फक्त उजव्या पावलावर. एक अख्खी फेरी टाळी न हुकवता झाली की घरी येऊन वाद्याला हात लावा.

दोन आणि चारवरच्या या टाळीला बॅकबीट म्हणतात. आपले कान समेवर वाढलेले, वजन पहिल्या मात्रेवर टाकायची सवय, म्हणून सुरुवातीला ती उलटी वाटते. पण त्यासाठी सम सोडून द्यायची गरज नाही. फंक या ठेकेबाज अमेरिकन संगीताचा मोठा माणूस जेम्स ब्राउन आपल्या वादकांना 'द वन', म्हणजे पहिली मात्रा, ठासून वाजवायला लावायचा. समेची ओढ असलेल्या माणसाला फंक परका वाटायचं काही कारणच नाही.

दुसरी पायरी: मेट्रोनोम, पण कमी

मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या लयीत टिक् टिक् करणारं, कुठलंही फुकट ॲप घ्या आणि ८० वर, म्हणजे मिनिटाला ८० टिक्, लावा. प्रत्येक मात्रेला टिक् वाजेल, तिच्याबरोबर वाजवा. हे जमलं की आकडा ४० वर आणा, पण वाजवायचं ८० च्याच लयीत. आता टिक् फक्त दोन आणि चारवर पडेल. एक आणि तीन तुमच्या तुम्ही सांभाळायचे. पहिल्या दिवशी हमखास हुकतं. टिक् कधी पुढे जाते, कधी मागे राहते, आणि यंत्र चुकतंय असं वाटायला लागतं. आठवडा द्या. पुढे टिक् फक्त चौथ्या मात्रेवर आणा, म्हणजे आकडा २०. काही ॲप इतकं खाली जात नाहीत. मग मधल्या टिक् बंद करायची सोय असलेलं ॲप शोधा.

आधार जितका विरळ, तितकी तुमची स्वतःची लय पक्की होते.

तिसरी पायरी: एकच ठेका, दहा मिनिटं

फिल (ठेका सोडून मध्ये घेतलेला भरणीचा तुकडा) नाही, क्रॅश (मोठी झांज) नाही, हाय-हॅट (पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी) उघडायची नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. ताज्या कानाला लय कुठे पळाली ते लगेच कळतं. बहुतेकांची एक तर फिल वाजवताना पळते, नाहीतर ध्रुवपदावर येताना.

माझी पळायची ती फिलच्या शेवटी. परळच्या एका कार्यक्रमात संथ गाण्याच्या अंतऱ्याआधी मी टॉमवरून, म्हणजे सेटमधल्या घुमणाऱ्या ड्रमवरून, फिल घेतली आणि समेवर जरा लवकर उतरलो. फरक केसभराचा होता. पण गायिकेला श्वास घ्यायला जागा उरली नाही आणि अंतऱ्याचा पहिला शब्द अर्धाच आला. तिने मागे वळून पाहिलं, बोलली काहीच नाही. त्यानंतर मी बरेच दिवस फिलचा सराव फिल न वाजवता केला: तीन आवर्तनं ठेका, चौथं पूर्ण शांत, मनात मोजायचं आणि समेवर परत यायचं. शांततेत लय टिकली की फिलमध्येही टिकते. हा सराव मी आजही रोज करतो.

जागेचं म्हणाल तर मुंबईत ड्रमसेट घरात ठेवणं फार थोड्यांना जमतं. रबरी प्रॅक्टिस पॅडखाली घडी घातलेली चादर, पायासाठी पलंगाच्या कडेला टेकवलेली उशी, एवढ्यावर या तिन्ही पायऱ्या होतात. तासावर मिळणारी जॅम रूम, म्हणजे वाद्यांसकट सरावाची खोली, पुढच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवा.

चौथी पायरी: वजन

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. नवशिका सगळे आघात एकाच जोराने मारतो. मग ठेका अचूक असूनही सपाट वाटतो.

ढोलकीवाल्याचा हात जवळून बघा. डाव्या हाताने घुमारा काढताना तळवा पुडीवर दाबून किंचित सरकवतो, आवाज वर ओढला जातो. उजव्या हाताची बोटं मध्ये मध्ये नुसती टेकतात, ते बोल लांबून ऐकूही येत नाहीत. ते काढून टाकले तर मात्र ठेका लंगडतो. ड्रमवर याच बोलांना घोस्ट नोट म्हणतात. स्नेअरवर बॅकबीट मारताना स्टिक वीतभर उंचावरून येऊ द्या. मधल्या घोस्ट नोटसाठी स्टिकचं टोक कातड्यापासून दोन बोटांपेक्षा वर उचलू नका. मनगट सैल, हात जवळजवळ स्थिर. जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड याने १९६९ साली रेकॉर्डिंगमध्ये वाजवलेला एक तुकडा पुढे हिपहॉपवाल्यांनी शेकडो गाण्यांत उचलला. त्यातला मोठा बॅकबीट कुणालाही वाजवता येईल. जादू आहे ती मधल्या कुजबुजीत.

हाय-हॅटवरही तसंच. मात्रेवर स्टिकच्या खांद्याने कडेला, मधल्या आघाताला टोकाने वर. जोर-हलकं, जोर-हलकं. एवढ्यानेच आठ सारख्या टिकटिकींची चाल होते.

पाचवी पायरी: पुढे, वर, मागे

लय तीच ठेवून आघात टिकच्या किंचित आधी, बरोबर तिच्यावर किंवा किंचित नंतर टाकता येतो. आधी टाकला की गाण्याला धाव येते, नंतर टाकला की ऐसपैसपणा आणि डौल. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग साधारण १८७ चा. मागे वाजवणं म्हणजे त्या चौथ्या भागाचाही एखादा दशांश. मोजून होत नाही, ऐकूनच जमतं.

अमेरिकेत मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत १९६५ साली गायक विल्सन पिकेटच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. निर्माता जेरी वेक्सलरला हवा तो तोल येईना, म्हणून त्याने तरुण मुलांचा तेव्हाचा नाच तिथेच करून दाखवला. ते पाहून ड्रमर अल जॅक्सन आणि गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर यांनी दोन आणि चारचे आघात किंचित उशिरा टाकायला सुरुवात केली. पुढे तो उशीर हीच त्या स्टुडिओची ओळख झाली. ठेका पायात कसा उतरेल हे तिथे शब्दांनी नाही, अंगाने सांगितलं गेलं.

सराव असा: हाय-हॅट टिकवर अगदी बरोबर ठेवा आणि फक्त स्नेअर केसभर मागे टाका. सगळंच मागे नेलंत तर काहीच मागे राहत नाही, नुसती लय बसते. ही चूक फार होते. मागे वाजवणारा चांगला ड्रमर शंभराव्या आवर्तनालाही त्याच लयीत असतो.

सहावी पायरी: दुसरा माणूस

आता जॅम रूम घ्या आणि बास गिटारवाल्याला बोलवा. एकमेकांसमोर बसा. त्याला तुमचा उजवा पाय दिसला पाहिजे, तुम्हाला त्याची बोटं. अर्धा तास फक्त बास ड्रम आणि बास गिटार. दोन आवाज वेगळे ऐकू येतात तोवर काम बाकी आहे. एकच जाड आवाज यायला लागला की खिसा सापडला.

मग एक बारीक गोष्ट करा. बासचा सूर सुरू कुठे होतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, तो संपतो कुठे याकडे कुणाचं नसतं. स्नेअर पडते त्याच क्षणी त्याला सूर तोडायला सांगा. ठेका एकदम उभा राहतो. बासवाला नसेल, तर ऑर्केस्ट्रात असतं तसं कीबोर्डच्या डाव्या हाताबरोबर हेच करा.

ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये राहुलदेव बर्मन यांच्या रेकॉर्डिंगला मारुतराव कीर यांच्यासारखे तालवादक, ड्रमर, बासवाले एकाच वेळी एकत्र वाजवत. इतकी तालवाद्यं असूनही गर्दी जाणवत नाही, कारण प्रत्येकाने दुसऱ्यासाठी जागा सोडलेली ऐकू येते. हेच गणपतीत लालबागला बेंजो पार्टीमागून चालताना अनुभवा. ताशा, ढोल, ऑक्टोपॅड, बेंजो, आणि सगळे चालत वाजवणारे. चांगल्या पार्टीत ताशेवाला मध्येच हात आखडता घेतो, ढोल मोकळा होतो, आणि नाचणाऱ्यांचे पाय त्याच क्षणी जास्त उचलतात. तुमच्या ठेक्यातला एक आघात काढून बघा, मग आणखी एक. काय काढल्यावर बासवाला हसतो ते लक्षात ठेवा.

शेवटी तपासणी. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग घरी मोबाइलवर लावा आणि कुणाला काही विचारू नका. आमच्याकडे आई गवार मोडत बसलेली असते. बहुतेक टेकला, म्हणजे एकेका वेळच्या रेकॉर्डिंगला, तिचे हात आपल्या चालीने चालतात. एखाद्या टेकला शेंगा टोपल्यात पडायचा आवाज स्नेअरबरोबर यायला लागतो. तिला ते कळलेलंही नसतं. तो टेक मी ठेवतो, बाकीचे पुसून टाकतो.